पाटाची किल्ली

बार्तांगच्या खोऱ्यात एकतीस उन्हाळे
मी पाणी वाटलं.
वर बर्फ वितळू लागला की माझ्या कमरेला किल्ली,
आणि कुणाच्या शेताला किती वेळ
ते माझ्या जिभेवर.

मग जिल्ह्याहून एक बाई आली रंगीत कागद घेऊन.
म्हणाली, अधिकार लोकांच्या हाती द्या.
मला पटलं. खरंच पटलं.
तुतीखाली सगळ्यांना बसवून सांगितलं,
आजपासून तुम्ही ठरवायचं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले.
मी घसा खाकरला
तर नेककदमनं हात वर केला.
मी खाली बघितलं
तर त्यानं तो हळूच खाली घेतला.
"तुमच्या मनात असेल तेच ठरवू की,"
म्हातारा मामादशो म्हणाला, अगदी मायेनं.

दोन वर्षं असंच.
किल्ली मी चावडीत खुंटीला टांगली,
आणि जो तो ती घ्यायच्या आधी
उगाच माझ्या अंगणातून जायचा.

मी दिलं म्हणून त्यांना मिळालं,
म्हणजे ते अजून माझंच होतं.
हे मला कुणी सांगितलं नाही.
सांगणार कोण?

मग एका रात्री दरड आली, माझा पाय मोडला.
खोरोगच्या दवाखान्यात चाळीस दिवस.
रस्ता बंद, फोन मुके.
परतलो, तर पाटाच्या दाराला कुलूपच नाही.
झरागुलनं तोडलं होतं छिन्नीनं,
जिनं सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.
किल्ली खुंटीलाच होती.
आणायला वेळ कुणाला होता, म्हणाली.

पाळ्याही बदललेल्या.
माझ्या भावाच्या जर्दाळूंना सगळ्यात शेवटी पाणी,
अर्धी झाडं करपलेली.
चुकलंच त्यांचं. मी असतो तर

ते वाक्य मी तिथंच गिळलं.
जड गेलं.

भाऊ ओरडत होता, झरागुल ओरडत होती,
नेककदम बांधावर उभा राहून
दोघांनाही शिव्या घालत होता,
आणि एवढ्या गलक्यात
माझ्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं.

कुबडी टेकवून मी एका दगडावर बसलो.
बरं वाटलं असं म्हणणार नाही.
खाली पाटातून पाणी चाललं होतं,
गढूळ,
आपलं आपण.