पिवळा अडकायचा

नेकनूरच्या पुढे घाट उतरला की
एसटी अजून ‘उद्यान फाटा’ म्हणून थांबते.
कंडक्टर विचारतो, इथं उतरून करणार काय?
मुख्तारचाचा म्हणतात, ड्यूटी आहे.
साठी उलटलेला माणूस,
खिशाला पेनासारखा टेस्टर लावलेला.

कुंपणाच्या तारेला मेंढरांनी पाडलेलं भगदाड,
तिथून आत.
फाटकाला मात्र कुलूप आहे,
कुलपाला लाखेचं सील,
सील शाबूत.

तिकीट खिडकी माझ्या आईची.
मोठे तीन रुपये, लहान दीड,
सुट्ट्यांवरून दिवसाला दहा भांडणं.
अर्धगोल फटीतून फक्त तिचा हात दिसायचा
आणि लोक त्या हाताशीच भांडायचे.
आता तिथून घाणेरी बाहेर आलीय,
साधारण मनगटापर्यंत.

पुढे वाट नाही. वेडी बाभूळ.
काटे चाचांच्या बाहीला धरतात,
ते उभे राहून एकेक सोडवतात,
वायर सोलावी तसे, घाई न करता.
लॉन कुठं होतं ते मातीला सांगता येणार नाही.
सिमेंटचा जिराफ पोटापर्यंत कुसळात,
शिंगावर कोतवाल बसलेला, शेपटी हलवत.
बोटिंगचे दोन हंस उताराला उलथे,
एकाच्या पोटात घोरपड राहते.
आम्ही वाकून बघितलं, तिनंही बघितलं.

त्या उन्हाळ्यात तलावाचा तळ भेगाळला
आणि कलेक्टर ऑफिसातून कागद आला:
पाणी पिण्यासाठी राखीव. कारंजे बंद ठेवणे.
‘ठेवणे’. चाचा तो शब्द अजून तसाच उच्चारतात.
चुकलं कुणाचंच नव्हतं.
टँकरमागे हंडा घेऊन आम्हीही पळत होतोच की.
पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला.
दुसरा कागद यायचा राहिला.

बागेतल्या रेल्वेचे रूळ भंगारात गेले,
गोल तेवढा राहिला.
सीताफळांचा गोल.
मोजली, सतरा झाडं, वळणावर वळणारी.
कुणी लावली? फॉरेस्टवाल्यांनी?
मग मला नाही, माझ्या दातांना आठवलं.
दसऱ्याच्या आसपासची शाळेची सहल,
आईच्या वशिल्याने मी इंजिनामागच्या डब्यात,
सगळी गाडी सीताफळं खात,
सगळी गाडी बिया थुंकत,
कुणाची लांब जाते अशी पैज.
संजीवनी घोळवे जिंकायची.
माळी दर पावसाळ्यात रोपं उपटायचा,
मग माळ्याचाही पगार थांबला.
ते एकटं, ओळीबाहेरचं, पार ओघळीपाशी उभं झाड
तिचंच असणार.

कंट्रोल रूमचं दार उघडं.
पॅनेलवर आग्यामोहोळ, परातीएवढं.
चाचा उंबऱ्यावर थांबले,
चप्पल काढली, परत घातली.
‘लाल, निळा, मग हिरवा,’
हवेत बोटं दाबत म्हणाले,
‘पिवळा अडकायचा. रोज.
मग बोर्डाला चपलेची एक द्यायची.
भाड्‌कन लागायचा.
बाहेर पब्लिक टाळ्या वाजवायचं,
त्यांना वाटायचं, गाण्यातच तसं आहे.’

बाहेर कारंज्याचा हौद.
गाळाने अर्धा भरलेला, नळ्या चोरीला गेलेल्या,
आणि त्या गाळात
या काठापासून त्या काठापर्यंत
तरवड. कमरेइतका. फुललेला.

मी काही बोललो नाही.
त्यांनी बराच वेळ बघितलं,
आधी हौदाकडे, मग मागे कंट्रोल रूमकडे.
‘हौ,’ म्हणाले, ‘चप्पल कुणी मारली मग?’
आणि हसले नाहीत.

शेवटची एसटी साडेपाचची.
फाट्यावर उभं राहून
डोळे उघडलेलं एक सीताफळ दोघांत फोडलं.
चाचांनी त्यांच्या बिया रुमालात बांधल्या,
कशाला ते विचारलं नाही.
मी माझी थुंकलो,
छाती भरून, जमेल तितक्या लांब.

डांबराच्या कडेलाच पडली.