बावीस सेकंद

स्पाच्या ट्रॅकवर सकाळी जंगल ओलं असतं, जुलैतसुद्धा.
एका वळणावर ऊन, दुसऱ्यावर धुकं,
सात किलोमीटरांत दोन हवामानं,
आणि मी, ओडिल, टायरवाली,
दोन्हींना चालेल असा हवेचा दाब शोधत
खिशात गेज घेऊन उभी.

आज पिटमध्ये शेजारीशेजारी दोन गाड्या.
एक मादाम स्खेपर्सची,
गोठवलेल्या बटाट्यांचा कारखाना विकून घेतलेली.
पंधराशे अश्वशक्ती.
दार वर उघडतं, वर्गात उत्तर येणाऱ्या पोराच्या हातासारखं.
आत चामडं, त्यावर हाताने घातलेली टीप,
वायपर, एअरबॅग, थंड हवा,
गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून
नाक उचलायचं बटण.
मागे नंबरप्लेट, लाल अक्षरांची.

दुसरी, अडतीस नंबर.
तीन मालक झाले, दोनदा भिंतीला भिडली.
शक्ती मादामच्या गाडीच्या जेमतेम तिसरा हिस्सा.
हॉर्न नाही.
एकच खुर्ची, तीही दुसऱ्याच कुणाच्या पाठीच्या मापाची;
कोरांताँ तिच्यात फोम खुपसून बसतो.
गार टायरांवर ती पाऊल टाकत नाही.
तिला आधी ब्लँकेटात गुंडाळून शेक द्यावा लागतो,
बाळंतिणीसारखा.

मादाम म्हणाल्या, "बघू तरी."

केमेलच्या सरळ चढावर मादामच पुढे.
हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल
टायरवाली पक्षपाती.
असा सुसाट आवाज, की खांबावरचे कावळे उडाले
आणि परत यायचं विसरले.

पण रस्ता वळला
की दोन टन वजनाला वळायचं नसतं.
ते म्हणतं, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,
आणि येतं ते भलतीकडूनच.
अडतीसला मात्र हवा वरून दाबून धरते,
जेवढा वेग, तेवढी घट्ट.
भिऊन पाय उचललास की हवा हात सोडते:
हे कोरांताँला कुणीतरी एकदाच सांगितलं होतं.
उरलेलं पूऑंच्या वळणाने शिकवलं,
तेव्हा दोन बरगड्या गेल्या.

दोन मिनिटं आठ.
दोन मिनिटं तीस.

मी टायर उतरवले.
मादामच्या टायरांची बाहेरची कड
करपलेल्या पावासारखी, हात लावला की सुटणारी.
अडतीसचे सगळीकडून सारखे झिजलेले,
बारीक दाणेदार, अजून इतके गरम
की हातमोज्यातूनही कळावं.

"बावीस सेकंद गेले कुठे माझे?"
म्हटलं, थोडे वायपरात, मादाम. थोडे एअरबॅगेत.
त्या बटणात.
शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून लावलेल्या सायलेन्सरात.
आणि चार-पाच, रागावू नका,
तुमच्या उजव्या पायात.

त्या हसल्या,
यंत्रांच्या खडखडाटावरून ऐकू जावं असं,
चाळीस वर्षांच्या सवयीचं.

संध्याकाळी अडतीसला चौघांनी ट्रकात ढकललं.
फाटकाबाहेरचा रस्ता तिला वर्ज्य.
कोरांताँची शेवटची बस चुकली होती,
आणि परवाना मे महिन्यापासून जप्त:
पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तर,
आईच्या गाडीत, आईला आणायला जाताना.
मादाम म्हणाल्या, "बस आत."

मी व्हॅन घेऊन त्यांच्या मागे.
स्ताव्हलोच्या उतारावर पुढे आला
गवत भरलेला ट्रॅक्टर, रस्ताभर रुंद.
पंधराशे घोडे, वीसच्या चालीने,
काचेवर गवताच्या काड्या.
वायपर एकदा फिरला.
मग हॉर्न वाजला, अगदी छोटा,
दुकानात कुणी नसताना हाक मारावी तसा.
ट्रॅक्टरवाल्याने वळूनही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा वाजला.
या वेळी लांब, विनाकारण,
रस्ता मोकळा झाल्यावरही वाजतच राहिलेला.
हा कोरांताँ.