दाराजवळची जागा

तीन हिवाळे मी माणूस शोधत होतो
खोव्दच्या पलीकडच्या खोऱ्यासाठी,
जिथे मंडळी म्हणजे चार घरं आणि एक आजारी उंट.

आधी तोगोल्दोरला धाडलं.
आवाज खणखणीत, वचनं मुखोद्गत.
वसंतात परतला. म्हणाला, ऐकायला कुणी नाही.

न्यामखोर्लो वर्गात चुलीपाशी बसायची.
ट्रक दुरुस्त करणारी, नखांत ग्रीस,
बोलताना अडखळायची;
तिचं 'आमेन'सुद्धा दोन धक्क्यांनी सुरू व्हायचं.
वहीत माझं एकही टिपण नाही.
नुसती नावं: कुणाची चूल विझलीय,
कुणाचा मुलगा तुरुंगात,
कोण रात्री एकटं पितं.
ती वही मी लाल शाईनं तपासली.
अजून लाज वाटते.

ती गेली. मी पाठवलं नव्हतं.

काल पोचलो. उणे एकतीस.
नमद्याच्या गोल घरात अकरा जण, खारट चहाची वाफ.
मला बसवलं अगदी आत, मानाच्या जागी.
ती दाराशी, पाठीवर थंडी घेऊन
चुलीत शेणी सारत होती.
आणि बोलत होता एक पोरगा, सतराचा असेल,
तिच्यासारखाच थांबत थांबत.
'बर्फ वितळलं की प-पलीकडच्या खोऱ्यात जाईल,'
ती माझ्या कानात म्हणाली.

त्यानं योनाला नोहाच्या तारवात बसवलं.
माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला.
तेवढ्यात तिनं वाटी पुढे केली,
पाहुण्यापुढे करतात तशी.
घ्यायला दोन्ही हात लागले.