गंजाचा चहा

दुपारी तीनला समुद्र बांधापासून लांब गेलेला असतो
आणि दुकानात चिटपाखरू नसतं.
अशा वेळी ओक्को हार्म्स आला, टोपी न काढता.
एमडेनच्या डॉक्टरची चिठ्ठी त्याने काउंटरवर ठेवली
उलटी करून,
नापास पोरगं प्रगतिपुस्तक ठेवतं तशी.

"काळा बंद," म्हणाला. "छातीत घोडा उधळतो म्हणे.
आता तूच सांग, वीबके, माणसाने प्यायचं काय?"

एक्केचाळीस वर्षं त्याने एकच चहा नेला,
आधी माझ्या आईच्या हातून, मग माझ्या:
आसामची बारीक, जड पत्ती, त्यात मूठभर सुमात्रा,
गुरुवाराआड गुरुवार पाव किलो.
बोलायचं काही नसायचंच.
तराजूचा काटा तेवढा आमच्या मध्ये डुलायचा
आणि थांबायचा.

मी डबे उतरवले.
कॅमोमाइल. त्याने नाक खुपसलं.
"आजारी मुलाची उशी."
लिंडनची फुलं, गेल्या जूनची, अजून पिवळी.
"चर्चमागचं झाड हे. मधमाश्यांचं त्यांना राहू दे."
बडीशेप मी खलात ठेचली,
कारण ती फुटल्याशिवाय बोलत नाही;
उकळतं पाणी, वर झाकणी, सात मिनिटं.
तो उभ्या उभ्या घोट घेऊन म्हणाला,
"तान्ह्याच्या पोटात वारा धरला की देतात ते."
पुदिन्याला त्याने नुसती मान हलवली.
हिरव्याचा डबा माझा मीच परत ठेवला:
त्याला पाणी ऐंशी अंशांवर लागतं, ओक्कोच्या किटलीला अंश कळत नाहीत,
आणि शेवटी तोही चहाच,
डॉक्टरला फसवून घोडा फसत नाही.

राहिला मागच्या फळीवरचा.
आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, कोरड्या डोंगरात
वाढणाऱ्या झुडपाच्या तांबड्या काड्या, रॉयबोस.
ओक्कोने तळहातावर घेतल्या, बोटाने पसरल्या.
"गंज," म्हणाला.
तीस वर्षं बांधाच्या झडपा खरवडल्या होत्या त्याने.
"गंज मी ओळखतो."
आणि पहिल्यांदाच टेकला स्टुलावर.

चहादाणी गरम पाण्याने विसळली. चार चमचे. दहा मिनिटं.
"जास्त मुरला तर?"
"मुरू दे. विसरलास तरी कडू होत नाही."
"एकट्या माणसासाठीच केलेला दिसतो,"
तो खिडकीकडे बघून म्हणाला,
आणि मी मेणबत्तीची वात उगाच कापत राहिले.

कपात आधी खडीसाखरेचा खडा.
त्यावर चहा ओतला,
आणि खडा तडकला. तड्.
अगदी तसाच.
आम्ही दोघंही हललो नाही.

मग साय, चमच्याने, कपाच्या कडेकडेने,
घड्याळाच्या उलट्या दिशेने,
म्हणजे वेळ थांबते असं आमच्याकडे म्हणतात.
(थांबत नाही. पण ओतायचं तसंच.)
साय बुडाली, तळाशी गेली,
जरा उशिरानेच वर आली, ढग होऊन;
काळ्यात येतो तसा पांढरा नव्हे,
थोडा संध्याकाळचा.
ढवळायचं नसतं. त्याने ढवळलं नाही.

आमच्याकडे तीन कप हा हक्क असतो,
पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा.
पहिला संपला. दुसरा मी न विचारता ओतला.
तिसऱ्यानंतरही चमचा बशीतच होता,
पण चहादाणी रिकामी.

"शंभर ग्रॅम दे. पाव किलोची घाई नको."
पैसे मोजले, दारापर्यंत गेला, वळला.
"जुन्या चहाचा एखादा कागद आहे?
रिकामाच."

पेटीचं अस्तर होतं, घड्यांमध्ये काळी भुकटी अडकलेलं.
त्याने ते हुंगलं नाही माझ्यासमोर;
चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं,
घोडा ज्या बाजूला धावतो तिकडे.

पुढच्याच गुरुवारी परत हजर. टोपी हातात.
"गवत ते गवतच," म्हणाला.
मी तराजूत वजन टाकलं. "शंभर?"
"दीडशे."