त्रेसष्ट

घोडीकडून बत्तीस, गाढवाकडून एकतीस.
बेरीज इत्तोने वहीत नाही,
बोटांवर केली, रबातच्या बसमध्ये,
मांडीवर जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली घट्ट धरून.
मुरंबा संपलेला. आत आता अल्कोहोल, व्हिनेगरच्या वासाचं आम्ल
आणि सुपारीएवढा एक तुकडा,
उमलीलचा.
आदल्या सकाळी अझिलालहून गुरांचा डॉक्टर आला होता.
बाप, हम्मू, खेचराचा कान पिळून उभा,
तोंड मात्र डोंगराकडे.
"हे तुला कशाला?"
"बघायला."
"अठ्ठावीस वर्षं मी खेचरंच बघतोय," हम्मू म्हणाला,
आणि बाटलीचं झाकण स्वतः आवळून दिलं.

शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर मी होते.
आधी नाकतोड्याची काच घे, म्हटलं, हात बसू दे.
नाकतोड्याच्या पेशीत सगळं रीतसर:
धागा आपला जोडीदार हुडकतो, टोकाला टोक लावतो,
अंगाशी अंग, मग ठिकठिकाणी तुटून
त्याचं थोडं आपल्यात, आपलं थोडं त्याच्यात
सांधून घेतो. नंतर मधोमध रांग.
नंतर ओढ, दोन्हीकडून,
आणि फारकत. एकदा, पुन्हा एकदा.
चार पेशी, निम्म्या निम्म्या बिऱ्हाडाच्या.
गुणसूत्र हा शब्द मला तिथे पहिल्यांदा नीट ऐकू आला.
आमच्याकडे पत्रिकेत छत्तीस गुण,
अठरा जुळले तरी मांडव घालतात.

मग उमलीलची काच. किरमिजी रंग,
टिपकागद, अंगठ्याचा दाब.
इत्तो बराच वेळ काही बोलली नाही.
घोड्याचा एक लांब धागा
गाढवाच्या दोन आखूड धाग्यांशेजारी अवघडून वाकलेला.
दुसरा अर्ध्यापर्यंत जुळलेला, पुढे उसवलेला.
तिसरा वळून स्वतःलाच बिलगलेला,
कुणी नाही म्हटल्यावर आपणच आपल्याला.
आणि एक नुसताच, कडेला.
तिने दोनशे पेशी मोजल्या.
दोनशेच्या दोनशे त्याच उंबऱ्यावर अडलेल्या.
रांग नाही, ओढ नाही,
फारकतसुद्धा नाही, कारण
आधी गाठ पडावी लागते.

मी कागदाच्या कोपऱ्यात तिला काढून दाखवलं:
६३.
आमच्या लिपीत हे दोघे समोरासमोर बसतात, म्हटलं,
उलटे लिहिले की पाठ फिरवतात.
तिने कागद तिरका धरला, सरळ धरला.
"समोरासमोरच आहेत," ती म्हणाली,
"कधीचे."

बाराव्या दिवशी हम्मूचा फोन.
इत्तो तिच्या भाषेत समजावत राहिली,
मला कळला तो एकच शब्द, इफिलू, इफिलू, धागा.
पलीकडे शांतता. मग त्याचं भलतंच:
जखम भरली. माशा बसत नाहीत आता.
काल त्याने वरच्या शाळेचे चार बाक नेले, न कुरकुरता.

फोन ठेवून ती पुन्हा काचेशी गेली,
आणि मला म्हणाली, कातडीत कसं चालतं मग?
उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही.
कातडीत कुणी कुणाची सोयरीक विचारत नाही.
प्रत्येक धागा आपली नक्कल काढतो, उभा चिरतो,
एक इकडे, एक तिकडे,
त्रेसष्टाचे त्रेसष्ट, पुन्हा त्रेसष्ट,
टाक्याखाली, रात्रंदिवस,
घोडा कोण, गाढव कोण, एकाच रांगेत.
फक्त जिथे डॉक्टरने कापलं,
तेवढ्याच जागी त्यांना जोडी मागितली होती.

शरदात ती घरी गेली.
नालबंदाने उमलीलचा पुढचा पाय मांडीवर घेतला होता,
खूर वाढला होता बोटभर.
सुरीने त्याची कोर उतरली, धुळीत पडली,
आणि हम्मू हुश्श म्हणेपर्यंत
शेजारच्यांच्या कुत्र्याने ती पळवली.