वरचा थर

भांडुपच्या पंपिंगमागे
सुकतीची वेळ पाच पस्तीस.
ट्रायपॉडचा एक पाय गाळात जातोय, जातोच आहे,
मी लेन्सचं झाकण दातांत धरून
दुसऱ्या पायाला जागा शोधतेय
आणि तेवढ्यात मागून आवाज :
"बाय, काल्या चिखलान नको,
कमरेपर्यंत जाशील. करड्यावरशी ये."

धाकलीबाय. कमरेला बांधलेला डालड्याचा डबा,
त्यात निवट्या, एकमेकींच्या अंगावरून सरकणाऱ्या.
तिनं मला त्या सकाळी रंग शिकवले.
काळा म्हणजे खोल.
करडा म्हणजे धरेल.
आणि वर तेलासारखी साय दिसली
तर तिथे काल कुणीतरी फसलंय.

मग ती पुढे गेली, थेट फ्रेममध्ये,
न विचारता.
तिच्यापलीकडे रोहित उठले, दीडशे तरी असतील.
मी बटण दाबलं.

घरी, मुलुंडला, नवरा झोपल्यावर
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मी ती पहाट पुन्हा उघडते.
धुरकं जरासं कमी. गुलाबी जरासा जास्त,
पक्ष्यांना तेवढा नव्हता, पण असायला हरकत नव्हती.
हायटेन्शनच्या तारा सहा,
शिवण उसवावी तशा एकेक ओढून काढल्या.
ऐरोलीकडचा टॉवर. एक दुधाची पिशवी.
आणि मग, हात चालूच होता म्हणून,
धाकलीबाय.

तीन सेकंद लागले.
पिशवीला जास्त लागले होते.

फोटो डॉक्टर टिपणीसांनी घेतला,
चार फूट बाय अडीच, मॅट,
दवाखान्यातल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर.
म्हणाले, माणसं नाहीत ते बरं,
पेशंटला शांत वाटतं.
मी चेक घेतला. खोटं कशाला बोलू,
चौकटसुद्धा मीच निवडून दिली.

आठवड्यानं फोन.
एक मुलगा, सातेक वर्षांचा,
तोंडात नळी, आ वासलेला,
भिंतीवरची पावलं मोजत होता.
चूळ भरल्यावर म्हणाला, एकोणीस.
आणि मग? विसावं कुठंय?
तेव्हापासून डॉक्टरांनाही तेवढंच दिसतं.
"ती पावलंही काढता येतील का हो, ताई?"

येतील.
वरचा थर लपवला की खाली ती आहेच,
पाठमोरी, वाकलेली, कोपरापर्यंत हात बिळात,
डोक्यावरून सहाच्या सहा तारा.
थर दाखवला की नाही.
डोळ्याचं एवढंसं चिन्ह. आहे. नाही. आहे.
चहा निवला.

तो तुकडा मोठा करून पाहिला,
ती होती तिथला, सॉफ्टवेअरनं भरलेला.
थोडा डावीकडचा गाळ, थोडा उजवीकडचा,
करडा, छान ओला, चकाकणारा,
शंका येऊ नये इतका चिखल.
त्याला सुकती माहीत नाही, भरती नाही.
त्यात कुणी कधी उतरलेलं नाही.

एकोणीस पावलं त्याच्या काठाशी येऊन थांबलीत
आणि माझं बोट विसाव्याच्या जागेवर.
करडा आहे, धरेल,
असं सांगायला
मी धाकलीबाय नाही.