पांढरं दिसेपर्यंत

कर्दळ कधी कोणी बियांपासून लावतं का?
कंद मोडायचा, न्हाणीच्या पाटाशी खोचायचा,
पाठ फिरवली की ती वाढते.
आमची तशीच होती, लाल, ठिपक्यांची,
मी लग्न होऊन कोलवाळला आले त्याच्याही आधीपासून
घरादाराच्या आंघोळीच्या पाण्यावर जगलेली.

मग हमरस्ता रुंद झाला.
न्हाणी गेली, पाट गेला,
कंदांवर खडी पडली, खडीवर डांबर.
कागदावर लिहून नेलं: माड दोन, आंबा एक.
कर्दळ कुठल्याच रकान्यात बसली नाही.

बिया सापडल्या माळ्यावर,
प्रेमानंदाच्या शाळेतल्या कंपासपेटीत.
पपईच्या देठाची नळी करून
हा त्या मास्तरांच्या छत्रीवर फुंकायचा.
मी बडवलं होतं त्याला, पेटी लपवली होती,
आणि विसरले होते.
मोजल्या, तेवीस. काळ्याकुट्ट.
एक दातांत धरून पाहिली;
दातालाच कळ आली.

नऊ अशाच पेरल्या. दीड महिना
नुसत्या मातीला पाणी घालत होते.
उकरल्या तर जशाच्या तशा,
कोरड्या म्हणाव्यात इतक्या तशाच.

पिएदाद कुंपणावरून बघत होती.
"घास गो ती. चिऱ्यार घास.
धवें दिसलें की राव."

मागच्या दाराची पायरी चिऱ्याची आहे.
बसले. चिमटीतली बी निसटते,
आधी बोटाची साल निघते, मग तिची.
जास्त घासलं तर आतला जीव जातो,
कमी घासलं तर त्याला कळतच नाही
बाहेर कोणी आलंय.
सहा फुकट घालवल्या.
सातवीला त्या काळ्यात
नखावरच्या चंद्राएवढं पांढरं दिसलं
आणि माझा हात आपोआप थांबला.
त्यानंतर एकही चुकली नाही.

कोमट पाणी, रात्रभर, पितळेच्या वाटीत.
सकाळी तेरा बिया फुगून
वाटीत दाटीवाटीने बसलेल्या.
नारळाच्या करट्यांत माती भरली.
आठव्या दिवशी विडीसारखं गुंडाळलेलं एक पान,
मग रोज एक. सात झाली.
बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही,
विचारायला उकरलं नाही या खेपेला.

पहिलं फूल आलं ते पिवळं.
निव्वळ पिवळं, एक ठिपका नाही.
मी पिएदादला हाक मारली, जवळजवळ भांडायलाच.
ती वाकून बघत राहिली, मग हसली:
"कंदाक आवयची याद आसता. बियेक ना."

दोन दिवस मी त्या झाडाकडे गेले नाही.
तिसऱ्या दिवशी तांदूळ धुतलेलं पाणी
हातात होतं, आणि टाकायला
दुसरी जागा नव्हती.

घासायच्या राहिलेल्या चार बिया
परत कंपासपेटीत ठेवल्या आहेत.
प्रेमानंदाची मुलगी मे महिन्यात येते.
पपईच्या देठाची नळी
तिला करता येते का, बघू.